कुबट वास: आधी ओल शोधा, मग फवारा मारा

पावसाळ्याचा पहिला महिना उलटला की या पानाकडे एक विचारणा हमखास येते. कपड्यांना, गोधड्यांना, सगळ्या घरालाच कुबट वास येतो. बाजारातला सुगंधी फवारा महाग पडतो. घरच्या घरी काही करता येईल का? करता येते. खर्चही फार नाही. पण कृती सांगण्याआधी हा वास येतो कोठून, ते समजून घेऊ.

दहा बाय बाराच्या खोलीत स्वयंपाक, आंघोळ आणि झोपणे चालते. पावसात कपडेही तेथेच दोरीवर वाळतात. कपड्यातले पाणी कोठे जाते? ते भिंतीत, पत्र्याच्या पेटीमागे आणि गादीत जाऊन बसते. अशा ओलीत बुरशी धरते आणि जिवाणू वाढतात. जपानमधील संशोधकांनी २०१२ साली घरातल्या घरात वाळवलेल्या कपड्यांच्या वासाचा शोध घेतला, तेव्हा ‘मोराक्सेला ओस्लोएन्सिस’ नावाचा जिवाणू त्यांना मुख्य कारण म्हणून सापडला. हा जिवाणू कपडा वाळला तरी मरत नाही. म्हणूनच सकाळी इस्त्री करून घातलेला, वास नसलेला शर्ट दुपारी घाम आला की पुन्हा वास मारू लागतो.

यावर अत्तर शिंपडले तर एकावर दुसरा वास चढतो, जिवाणू जागच्या जागी राहतो. तेव्हा वास मारणारे सुती कपडे, टॉवेल, पायपुसणी कडकडीत पाण्यात अर्धा तास भिजवून धुवावीत आणि दोरीवर अंतर सोडून, पंख्याखाली वाळवावीत. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे. भिंतीवर बुरशी दिसली तर ती कोरडी खरवडू नये, तिची धूळ नाकात जाते. नाकाला फडके बांधून साबणाच्या पाण्याने ओली करून पुसावी.

एवढे करूनही रोज धुता न येणाऱ्या वस्तू उरतातच. गादी, उशी, शाळेचे दप्तर, रेनकोट, पडदे. फवारा लागतो तो यांच्यासाठी.

एक पेला खाण्याचा पांढरा व्हिनेगर आणि तीन पेले उकळून गार केलेले पाणी, बस्स. किराणा दुकानातल्या व्हिनेगरमध्ये साधारण ४ टक्के आम्ल असते. कुबट वासाची काही द्रव्ये त्याने दबतात आणि व्हिनेगरचा स्वतःचा आंबूस वास कपडा वाळताच उडून जातो. फवारा हलका मारावा, कपडा भिजू देऊ नये, नाहीतर ओल आपणच वाढवली असे होईल. नवीन कपड्याच्या आतल्या कोपऱ्यावर आधी मारून रंग जातो का ते पाहावे. रेशीम, जरीची साडी आणि चामडे यांना हा फवारा नको. शहाबादी फरशी आणि कडप्प्याचा ओटाही यापासून वाचवा. तो चुनखडीचा दगड असतो, आम्लाने त्याची चकाकी कायमची जाते.

काही जण याच बाटलीत खाण्याचा सोडा घालायला सांगतात. दोन्ही एकमेकांना मारतात, हाती खारट पाणी उरते आणि झाकण बंद असेल तर बाटली फुटू शकते. सोडा वेगळा वापरावा: चपलांत, दप्तराच्या तळाशी कोरडा भुरभुरावा आणि सकाळी झटकावा. ब्लीचिंग पावडर किंवा संडास धुण्याचे ब्लीच मात्र व्हिनेगरच्या जवळपासही आणू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि आपल्या मोरीएवढ्या जागेत तो जीवघेणा ठरू शकतो.

आता सुगंधाची हौस. संत्र्या-मोसंबीची साले काचेच्या बरणीत भरून ती बुडतील इतके व्हिनेगर ओतावे, प्लास्टिकचे झाकण लावावे (लोखंडी झाकण गंजते) आणि पंधरा दिवसांनी गाळून दुप्पट पाण्यात मिसळावे. कचऱ्याचा डबा, मोरी, चपलांची जागा यांना हे उत्तम. त्याला पिवळसर रंग असतो, म्हणून पांढऱ्या कपड्यांवर मारू नये. वंदनेची पांढरी साडी आणि सदरा साध्या व्हिनेगरच्या फवाऱ्यावरच भागवावा. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा वाळा रात्रभर पाण्यात ठेवला तर त्या पाण्याचा सुवास आम्हाला कोणत्याही विकतच्या डब्यापेक्षा अधिक आवडतो. मात्र ते टिकत नाही. थोडेच करून एक-दोन दिवसांत संपवावे, नाहीतर त्यातच जिवाणू वाढतात.

‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत सोडावी. कापूर आणि निलगिरीचे तेल थोडेसेही लहान मुलाच्या पोटात गेले तर झटके येऊ शकतात. म्हणून फवारा शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरू नये, बाटलीवर चिठ्ठी डकवावी आणि ती उंच फळीवर ठेवावी. कीटकनाशकाची रिकामी बाटली तर कितीही धुतली तरी वापरू नये.

डांबरगोळ्यांविषयी मात्र सविस्तर सांगायला हवे. आपल्याकडे बाळाची झबली, टोपरी, दुपटी जपून ठेवतात आणि पुढच्या बाळासाठी काढतात. मोठ्या मुलाचे कपडे धाकट्याला घालणे ही चांगली रीत आहे. पण त्या गाठोड्यात नॅफ्थलीनच्या गोळ्या असतील, तर धोका आहे. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच ‘जी-सिक्स-पीडी’ नावाचे विकर कमी असते. मुलग्यांत हा दोष अधिक आढळतो. विदर्भातील वस्त्यांना सिकलसेलची तपासणी ओळखीची आहे; हा दोष त्याहून वेगळा, पण तोही रक्ताच्या तपासणीतच कळतो. अशा बाळाच्या अंगात नॅफ्थलीन श्वासातून आणि कातडीतून शिरले की तांबड्या पेशी फुटू लागतात आणि तीव्र कावीळ होते. फार वाढलेली कावीळ मेंदूला कायमची इजा करू शकते.

म्हणून बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी ठेवूच नये. आधीच ठेवली असेल तर कपडे काही दिवस उन्हा-वाऱ्यात टाकावेत, गरम पाण्यात धुवावेत आणि वास पूर्ण गेल्याशिवाय बाळाला घालू नयेत. बाळाच्या कपड्यांवर कोणताही फवारा नको, व्हिनेगरचाही नको. बाळ पिवळे दिसू लागले, सुस्त झाले, दूध ओढेना किंवा लघवी गडद झाली, तर कोवळ्या उन्हात ठेवून वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे आणि कपड्यांत गोळ्या होत्या हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. गाठोड्यासाठी कडुलिंबाचा पाला वापरता येतो. तो हातात चुरा होईल इतका वाळलेला हवा, अर्धओला पाला स्वतःच बुरशी धरतो.

घरात कोणाला दमा असेल तर सुगंधाचा प्रश्नच मिटतो: काहीही सुगंधी फवारू नये. उग्र वासाने, मग तो फुलांचा असो की फळांचा, धाप लागू शकते. अगरबत्तीच्या धुरातही बारीक कण असतात, बंद खोलीत ती लावू नये. व्हिनेगर मारायचे झाल्यास गादी दारात किंवा गॅलरीत नेऊन मारावे आणि ती वाळल्यावरच आत आणावी.

वर्षावासात विहारातल्या सतरंज्या रोज अंथरल्या जातात आणि रात्री घडी होऊन कोपऱ्यात पडतात. त्यांची घडी लगेच घालू नये. ग्रंथवाचन संपले की त्या अर्धा तास पंख्याखाली उलट्या पसराव्यात, आठवड्याला एकदा हलका फवारा मारावा आणि पावसाने उघडीप दिली की त्याच दिवशी चार जणांनी मिळून गच्चीवर न्याव्यात.