क्वेसारच्या वर्णपटातली काळी पट्टी

महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व निवलं आणि सगळीकडे उदासीन हायड्रोजन भरून राहिला. आज दीर्घिकांमधल्या पोकळीतला हा वायू जवळजवळ पूर्ण आयनित आहे. हा बदल कधी झाला, याचा माग क्वेसार, म्हणजे दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रकं, देतात.

उदासीन हायड्रोजन १२१.६ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश गिळतो. विश्व प्रसरण पावत असल्याने क्वेसारचा प्रकाश वाटेत ताणला जातो. १२१.६ नॅनोमीटरहून आखूड तरंगलांबीचा किरण ताणला जाऊन कुठेतरी नेमका १२१.६ वर येतो आणि तिथे उदासीन वायू असला, की संपतो. असा वायू भरपूर असेल तर वर्णपटात सलग काळी पट्टी दिसावी, असं जेम्स गन आणि ब्रूस पीटरसन यांनी १९६५ मध्ये मांडलं. ती २००१ मध्ये ६.२८ ताम्रसृतीच्या (प्रकाश किती ताणला गेला याचं माप) क्वेसारमध्ये दिसली; हा क्वेसार सापडला होता स्लोन आकाश सर्वेक्षणात, आणि त्या सर्वेक्षणाचा कॅमेरा गन यांनीच उभारलेला!

मेख अशी, की दहा हजारांत एखादा अणू उदासीन असला तरी पट्टी काळी होते. त्यामुळे नुसत्या पट्टीवरून किती वायू उदासीन होता ते कळत नाही; म्हणून आणखी दूरच्या क्वेसारमध्ये पट्टीची लाल बाजूची कडा तपासतात. वायू बराच उदासीन असेल, तर ती कडाही झिजलेली दिसते.