आधी केमो, मग ऑपरेशन : म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले का?

यंदाच्या गणेशोत्सवात प्रसादाच्या डिश भरता भरता मंडळातील एका काकूंच्या आजाराचा विषय निघाला आणि तिथल्या तिथे चार मते पडली. काकूंना अंडाशयाचा, म्हणजे ओव्हरीचा कॅन्सर झाला होता आणि हॉस्पिटलने लगेच ऑपरेशन न करता आधी केमो द्यायचे ठरवले होते. "म्हणजे हात टेकले," हे एक मत. "इथे रांगच मोठी, वेळ काढतात," हे दुसरे. "सरळ मुंबईला न्या, टाटामध्ये उद्या कापून काढतील," हे तिसरे. चौथे मत कोणी बोलून दाखवले नाही, पण ते सगळ्यांच्या चेहऱ्यावर होते.

"माझ्याबद्दल खुशाल लिहा, फक्त नाव घालू नका," असे काकूंनी स्वतःच सांगितल्यामुळे आम्ही हा लेख लिहीत आहोत. आमच्या संपादक मंडळात डॉक्टर एकच, आणि त्याही दातांच्या! तेव्हा हा सल्ला समजू नये. आम्ही विचारपूस केली, वाचले आणि जे समजले ते मांडत आहोत.

सुरुवात एका शब्दापासून करायला हवी. पहिल्या भेटीला काकूंबरोबर त्यांचा मुलगा गेला होता. सर्जनबाई म्हणाल्या, सध्या ऑपरेशन करण्यासारखी स्थिती नाही. मुलगा बिचारा हादरलेला. घरी येताना त्याने आईला सांगितले, "ऑपरेशन करण्यासारखं नाही म्हणाल्या." 'सध्या' तेवढे गाडीतच राहिले. काकूंनी तीन दिवस धड जेवण घेतले नाही आणि कपाट उघडून कुठली पैठणी कुठल्या सुनेला हे ठरवायला बसल्या.

आता 'सध्या' म्हणजे काय ते पाहू. ब्रिटनमध्ये दरवर्षी सुमारे ७,५०० स्त्रियांना हा कॅन्सर होतो आणि पुष्कळदा तो पोटभर पसरल्यावरच कळतो. आतड्यांवर, यकृताच्या पृष्ठभागावर, श्वासपटलाखाली, पोटातील चरबीच्या पडद्यावर त्याचे दाणे रुजतात. इतर काही कॅन्सरमध्ये इतका पसरल्यावर ऑपरेशनचा उपयोग नसतो. इथे असतो. १९७५ साली ग्रिफिथ्स या अमेरिकन डॉक्टरांनी दाखवून दिले की ऑपरेशननंतर पोटात किती मोठ्या गाठी शिल्लक राहिल्या यावर बाईचे पुढचे आयुष्य अवलंबून असते. पूर्वी एक सेंटीमीटरपेक्षा लहान गाठी राहिल्या तर ऑपरेशन साधले असे म्हणत. आता डोळ्यांना दिसेल असे काहीच राहू नये, हे ध्येय असते.

म्हणजे सर्जनपुढचा खरा प्रश्न "ऑपरेशन करू का" हा नाहीच. पोट उघडल्यावर सगळे निघेल का, आणि ते काढणे या बाईला झेपेल का, हा आहे. पोट उघडले, निम्मे राहिले आणि पुन्हा शिवून टाकले, तर जखम आणि अशक्तपणा बाईच्या वाट्याला येतो, केमो लांबते आणि फायदा जवळजवळ नाही. म्हणून हे आधीच ओळखायची सगळी खटपट.

रक्तातील सीए-१२५ चा आकडा आपल्या बायकांना आता पाठ झाला आहे. इथल्या नियमाप्रमाणे तो ३५ किंवा जास्त आला की अल्ट्रासाउंड करतात. मग अल्ट्रासाउंडचे गुण, पाळी गेली आहे की नाही याचे गुण आणि हा आकडा यांचा गुणाकार होतो. तो २५० किंवा त्याहून अधिक आला की खास कॅन्सरच्या टीमकडे पाठवतात. पण हा गुणाकार गाठ कॅन्सरची असेल का एवढाच अंदाज देतो. ऑपरेशन साधेल का, हे त्यातून कळत नाही. काकूंच्या घरी या दोन गोष्टींची बरीच गल्लत झाली.

त्याच आकड्यावरून ऑपरेशनचाही अंदाज बांधून पाहिला गेला. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग हॉस्पिटलात २००० साली असे दिसले की आकडा ५०० च्या आत असेल तर बहुतेक वेळा ऑपरेशन साधते, वर असेल तर क्वचित. पुढे तिथल्या सर्जननी यकृताच्या आणि श्वासपटलाच्या बाजूची अवघड ऑपरेशने करायला सुरुवात केली आणि २००९ मध्ये पुन्हा पाहिले, तर ५०० ची रेघ निरुपयोगी झाली होती! रोग तोच, हॉस्पिटलही तेच, फक्त हात तयार झाले होते. सीटी स्कॅनवरून बांधलेल्या ठोकताळ्यांचेही तसेच. एका हॉस्पिटलात जमलेला हिशोब दुसरीकडे लावून पाहिला, तेव्हा २००७ च्या एका अमेरिकन अभ्यासात तो बराच चुकला. शिवाय आतड्यांवरचे खसखशीएवढे दाणे स्कॅनमध्ये सहसा दिसतच नाहीत.

मग रोममध्ये डॉ. अॅना फागोत्ती आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दुर्बिणीचा मार्ग सुचवला. बेंबीपाशी लहान छेद घेऊन आत पाहायचे. चरबीचा पडदा ढेकळासारखा झाला आहे का, आतड्यांना धरणारा पडदा आक्रसला आहे का, जठरात रोग शिरला आहे का, अशा सात गोष्टी तपासायच्या आणि प्रत्येकीला दोन गुण द्यायचे. आठ किंवा जास्त गुण झाले तर सगळे निघणे कठीण. (शाळेत जास्त गुण मिळाले की आपण पेढे वाटतो, इथे उलटे.) कमी गुण म्हणजे मात्र खात्री नव्हे. हॉलंडमध्ये २०१ स्त्रियांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. थेट ऑपरेशन झालेल्यांपैकी ३९ टक्के जणींचे पोट उघडणे वाया गेले होते, आधी दुर्बिणीने पाहिलेल्यांपैकी १० टक्के जणींचे.

झेपण्याचा भाग वेगळा. वय, दम लागतो का, जिना चढता येतो का, आणि रक्तातील अल्ब्युमिन नावाचे प्रथिन. ते फार कमी असेल तर मोठ्या ऑपरेशननंतर जखमा भरत नाहीत, गुंतागुंत वाढते. काकूंचे कमी होते. पोटात पाणी झाले की ते रोगामुळेही उतरते, सगळा दोष जेवणाचा नसतो. पण नर्सने खाण्याची चौकशी केली तेव्हा संकष्टी, एकादशी आणि गुरुवार असे सगळे उपवास चालूच असल्याचे निघाले. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, त्यात दाण्याचे कूट तेवढे कामाचे. काकूंनी देवाची क्षमा मागून उपवास सोडले आणि रोज मुगाचे धिरडे, दही सुरू केले.

आधी केमो देऊन नुकसान होते का? २०१० साली युरोपातील आणि २०१५ साली इथल्या मोठ्या अभ्यासात दोन्ही गटांतील स्त्रिया जवळजवळ सारख्याच जगल्या. इथल्या अभ्यासात तर ऑपरेशननंतर २८ दिवसांत दगावण्याचे प्रमाण आधी ऑपरेशन झालेल्यांत सुमारे ६ टक्के होते, आधी केमो घेतलेल्यांत एक टक्क्याहून कमी. वाद अजून मिटलेला नाही. निष्णात सर्जन असलेल्या निवडक हॉस्पिटलांतील २०२५ चे निष्कर्ष सांगतात की धडधाकट बाईला आधी ऑपरेशन केल्यास रोग परतायला थोडा जास्त वेळ लागतो, पण आयुष्यातला फरक ठामपणे सिद्ध झाला नाही. तेव्हा "आम्हाला आधी ऑपरेशन का नाही?" हे जरूर विचारावे. टाटात गेलो तरी हेच मोजमाप होणार, उद्या सुरी लावणार नाहीत.

पुण्याहून नणंदेचा फोन होता, "सुई लावू देऊ नका, पसरेल." यात अर्धे तथ्य आहे. गाठ अंडाशयातच असेल तर ती फुटू नये म्हणून सर्जन अख्खी काढतात. पण रोग आधीच पसरला असेल तर नमुना घेतल्याशिवाय केमो कुठली द्यायची हे ठरत नाही.

काकूंचे तीन केमो झाले, पुन्हा स्कॅन झाला, पाणी ओसरले होते, अल्ब्युमिन वर आले होते. नोव्हेंबरात ऑपरेशन झाले. पाच तास. दिसेल असे काही ठेवले नाही, असे सर्जनबाईंनी सांगितले. रोग परत येणारच नाही असे त्या म्हणाल्या नाहीत आणि काकूंनीही ते विचारले नाही. उरलेले केमो चालू आहेत.

दुसऱ्या भेटीपासून मुलाने दुभाष्याचे काम सोडले. हॉस्पिटल दुभाषी फुकट देते, अपॉइंटमेंट ठरवतानाच सांगावे लागते. मात्र भाषा 'मराठी' अशी स्पष्ट सांगा आणि लिहून घ्यायला लावा. काकूंना पहिल्यांदा फोनवर गुजराती दुभाषी मिळाली होती.