साखरेचे चढउतार आणि इन्सुलिन घेणारा मधुमेही

इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही माणसावर घरात जो आरोप वरचेवर होतो, तो चोरून गोड खाल्ल्याचा होय. काल सकाळी रक्तातील साखर ११० भरली. आज त्याच वेळी, रात्री तेच जेवण जेवून आणि तितकेच इन्सुलिन घेऊन, ती २४० भरते. मग घरची मंडळी विचारतात, “रात्री काय खाल्लंत?” रोगी “काही नाही” म्हणतो, पण त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. असे चार वेळा झाले म्हणजे तो साखर तपासणेच सोडून देतो, आणि तेथून खरे नुकसान सुरू होते. म्हणून ही साखर अशी वरखाली का होते, तीत रोग्याचा दोष किती व उपचाराचा स्वभाव किती, आणि तिला आवर कसा घालावा, हे तीन प्रश्न आम्ही आज विचारासाठी घेतले आहेत.

प्रथम निरोगी शरीराची व्यवस्था पाहू. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते आणि त्या साऱ्या रक्तात मिळून साखर असते ती अवघी पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा! एका पुरणपोळीतून याच्या कित्येक पट साखर पोटात जाते; तरी निरोगी माणसाची रक्तशर्करा दर १०० मिलिलिटरला साधारणपणे ७० ते १४० मिलिग्रॅम या मर्यादेतच राहते. साखर चढू लागली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडते आणि ते आधी यकृताकडे जाते. साखर उतरू लागली की पुरवठा थांबतो, व रक्तात गेलेले इन्सुलिन काही मिनिटांतच ओसरते. त्याच वेळी ग्लुकॅगॉन नावाचा दुसरा स्राव यकृतातील साठा मोकळा करतो. टांगेवाला जसा क्षणोक्षणी लगाम खेचतो आणि ढिला सोडतो, तसे हे काम रात्रंदिवस चालू असते.

१९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लागला आणि ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. त्यापूर्वी अशी मुले बहुधा वर्षा-दोन वर्षांत दगावत. एवढ्या मोठ्या उपकारानंतरही एक उणीव राहिली. टोचलेले इन्सुलिन कातडीखालच्या चरबीत साठते व तेथून हळूहळू रक्तात उतरते. एकदा टोचले की ते परत घेता येत नाही. साधे इन्सुलिन अर्ध्या तासाने काम सुरू करते, दोन ते चार तासांनी जोरावर येते आणि सहा ते आठ तास टिकते. एन.पी.एच. नावाच्या गढूळ इन्सुलिनचा जोर चार ते दहा तासांच्या दरम्यान असतो. सकाळी ते घेतलेल्या गृहस्थाचे दुपारचे जेवण कचेरीतील कामामुळे लांबले, तरी इन्सुलिन काही थांबत नाही. शिवाय, ज्यांच्या स्वादुपिंडाने इन्सुलिन करणेच सोडले आहे त्यांच्यात काही वर्षांनी, साखर उतरली असता ग्लुकॅगॉनही वेळेवर धावून येत नाही. तेव्हा थोडेफार चढउतार या उपचारातच आहेत, ही गोष्ट आधी मनाशी पक्की करावी.

परंतु जे चढउतार टाळता येतात तेही पुष्कळ आहेत. पहिले कारण टोचण्याच्या जागेचे. त्याच त्याच जागी सुई टोचल्याने तेथे चरबीची मऊ गाठ बनते. तेथून इन्सुलिन कधी सावकाश तर कधी एकदम शोषले जाते. म्हणून जागा बोटाबोटाच्या अंतराने बदलावी व गाठीवर टोचू नये. साधे इन्सुलिन मांडीपेक्षा पोटावरून लवकर शोषले जाते. आणि गरम पाण्याने स्नान केले किंवा ती जागा चोळली तरी वेग वाढतो.

दुसरे कारण मापाचे. आपल्याकडे कुपीतील इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असते, पण १०० युनिटचेही मिळते. दोहोंच्या सिरिंजा निराळ्या असून ४० ची लाल टोपीची व १०० ची नारिंगी टोपीची असते. १०० च्या कुपीतील औषध ४० च्या सिरिंजेने घेतले तर मात्रा अडीच पट होते. गढूळ इन्सुलिन घेण्यापूर्वी कुपी तळहातांत हलकेच फिरवून सारखी करावी. न उघडलेली कुपी शीतकपाटात २ ते ८ अंशांत ठेवावी, बर्फाच्या खणात कधीच नाही. अकोला-नागपूरकडच्या उन्हाळ्यात शीतकपाट नसेल तर ओल्या वाळूत बसवलेले मातीचे मडके बरेच काम देते.

तिसरे कारण अन्नाचे व श्रमांचे. तुपातली पुरी आमरसाबरोबर खाल्ली तर तुपामुळे साखर उशिरा आणि लांबपर्यंत चढत राहते. एकादशीचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट; त्याला ‘उपास’ म्हणणे रक्ताला ठाऊक नाही. दिवसभर चालून आलेल्या माणसाची साखर त्या रात्री झोपेतही उतरू शकते. उलट ताप, जखम व पहाटेच्या वेळचे शरीरातील स्राव काही न खाताही साखर चढवितात. आजारात अन्न जात नाही म्हणून इन्सुलिन मनानेच बंद करणे यासाठीच घातक आहे. अशा वेळी डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवावी.

मोजणीही तपासून पाहावी. घरगुती यंत्रात शेकडा १५ पर्यंत फरक मान्य धरलेला आहे. म्हणजे १८० आणि २०० यांत भेद मानण्याचे कारण नाही. आंबा कापलेल्या हाताने थेंब काढला तर बोटावरची साखरच मोजली जाते. आधी हात धुवावेत.

आता उपायांविषयी. वाढलेली साखर डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतू यांना वर्षावर्षांनी इजा करते. पण उतरलेली साखर मिनिटांत घात करते. म्हणून आधी बंदोबस्त तिचा करावा. ७० च्या खाली साखर आली की घाम, कंप, धडधड, भूक व चिडचिड होते. तेव्हा सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, आणि गरज पडल्यास तेच पुन्हा करावे. पेढा-बर्फी येथे कामाची नाही, कारण तिच्यातील स्निग्धांश साखरेला उशीर करतो. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. ग्लुकॅगॉनचे इंजेक्शन द्यावे वा तातडीने रुग्णालयात न्यावे. साखर वारंवार उतरू दिली तर शरीर इशारे देणेच कमी करते. समाधानाची गोष्ट अशी की काही आठवडे ती उतरू दिली नाही तर हे इशारे बहुधा बऱ्याच अंशी परत येतात.

दुसरा उपाय वहीचा. वेळ, साखर, मात्रा, जेवण व श्रम असे पाच रकाने पाडावेत. एका आकड्यावरून मात्रा बदलू नये; तीन-चार दिवस त्याच वेळी तोच प्रकार दिसला तर वही डॉक्टरांना दाखवावी. मात्र साखर ७० च्या खाली गेल्याची नोंद एकच असली तरी तिचे कारण लगेच शोधावे. जेवणानंतर दोन तासांनी २५० दिसले म्हणून पुन्हा टोचणे हे तर चढ सोडून खड्ड्यात पडण्यासारखे होते, कारण आधीचे इन्सुलिन अजून काम करीतच असते.

आणि ध्येय किती उंच ठेवावे? १९९३ साली अमेरिका व कॅनडातील १,४४१ रोग्यांवरील मोठ्या अभ्यासाने दाखविले की साखर काटेकोर ठेवल्यास डोळ्यांच्या विकाराचा धोका शेकडा ७६ ने घटतो. परंतु साखर गंभीरपणे उतरण्याचे प्रसंग त्याच अभ्यासात सुमारे तिप्पट झाले. २०१९ साली जगातील तज्ज्ञांनी, दंडावरील संवेदकाने सतत मोजलेल्या साखरेसाठी जे माप ठरविले, तेही असे: बहुतेक प्रौढांची साखर दिवसाच्या शेकडा ७० हून अधिक वेळ ७० ते १८० च्या दरम्यान असावी, आणि ७० च्या खाली शेकडा ४ हून कमी वेळ. म्हणजे उरलेल्या वेळात ती मर्यादेबाहेर जाणार, हे तज्ज्ञांनीच गृहीत धरले आहे. वृद्ध व एकटे राहणारे यांच्यासाठी ७० ते १८० च्या दरम्यानच्या वेळेचे माप आणखी सैल असते.

तात्पर्य, आकडा हा गुन्ह्याचा पुरावा नसून वाटेवरची खूण आहे. “काय खाल्लंत?” असे दरडावण्याऐवजी “वहीत काय दिसतं?” असे घरच्यांनी विचारले, तर रोगी खरा आकडा लिहील, आणि खरा आकडा लिहिला गेला तरच पुढची मात्रा बरोबर ठरेल. श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी असा माणूस आहे, त्यांनी निदान एवढी गोष्ट आजच घरी न्यावी, अशी आमची विनंती आहे.