पावलाचा साचा

पिस्तुलाचं चामडी होल्स्टर बनवणाऱ्याला पिस्तुलाची हुबेहूब प्रतिकृती लागते. तिच्यावर ओलं कातडं ताणायचं, अंगठ्यानं आणि हाडाच्या गुळगुळीत पट्टीनं नळी, घोडा, चापाची कमान उठवायची आणि तसंच वाळवायचं. खरं हत्यार वापरलं तर ओलाव्यानं लोखंड गंजतं. शिवाय १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार ते विनापरवाना बाळगता येत नाही. म्हणून कारागीर निळ्या प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची डमी वापरतात. तिचं माप जरा चुकलं, तर हत्यार अडकतं नाहीतर निसटतं.

पण साचा कितीही चांगला असला तरी कातडं झाडपाल्यात कमावलेलंच हवं. क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं कातडं मऊ असतं, दाबून सोडलं की पुन्हा सैल पडतं. साल-फळांच्या तुरट अर्कात मुरलेलं कातडं मात्र ओलं असताना वळतं आणि वाळल्यावर तो आकार धरून ठेवतं.

कोल्हापुरी चप्पल याच कातड्याची. नाव कोल्हापूरचं असलं, तरी २०१९मध्ये जाहीर झालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राचे चार जिल्हे आहेत. कोल्हापूर आणि सोलापूर यांच्याबरोबर सांगली आणि सातारा त्यात हक्कानं आहेत. कर्नाटकचेही चार जिल्हे आहेत.

जुन्या रीतीत चुन्यातून काढलेल्या कातड्याची पिशवी शिवतात, तिच्यात बाभळीची साल आणि हिरडा भरून पाणी ओततात आणि ती टांगून ठेवतात. अर्क थेंबथेंब पाझरतो, तोच पुन्हा वर ओतायचा. मग रापीनं तळ कापायचे, कान आणि अंगठा बसवायचा, चामड्याच्याच वादीनं शिवायचं. खिळा कुठेही नाही. वेणी विणण्याचं नाजूक काम बहुतेक घरांत बायका करतात. त्या कामाला चपलेच्या किमतीत मोल मिळायला हवं.

बुटाला कलबूत, म्हणजे पावलाच्या आकाराचा साचा लागतो. इथं पावलाच्या मापाचा पुठ्ठा पुरतो, कारण साचा गिऱ्हाईक स्वतःच घेऊन येतं. नवी चप्पल चार-आठ दिवस चावते. तेल द्यायचं आणि घालत राहायचं. घाम, ऊब आणि वजन यांनी तळ टाचेपाशी खोलगट होतो, अंगठ्याची खूण उमटते. मग ती चप्पल दुसऱ्याच्या पायाला बसत नाही. जून २०२५मध्ये मिलानच्या फॅशन मंचावर प्राडा या इटालियन कंपनीनं अशाच धाटणीच्या चपला दाखवल्या. तिथं दिसला तो घाट. पावलाचा ठसा उमटतो तो वापरातून.

हेच कातडं आणखी कामाला येऊ शकतं. तासगावच्या द्राक्षबागांत एप्रिल आणि ऑक्टोबरच्या छाटणीला कात्री दिवसभर हातात असते. तिच्यासाठी कमरेचं घर बनवायला डमीची गरज नाही. कात्री प्लास्टिकच्या कागदात गुंडाळली की तीच साचा. बागायतदारांनी पुढच्या छाटणीआधी आपली कात्री जवळच्या चर्मकाराकडे घेऊन जावी.