घोडा, घर आणि न सांगितलेली ओल

मे महिन्यात विकायला काढलेल्या जुन्या फ्लॅटच्या भिंती बहुधा नुकत्याच रंगवलेल्या असतात. घर बघायला आलेल्याला बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर एकच पट्टा जरा जास्त पांढरा दिसतो. "ओल वगैरे नाही ना?" तो विचारतो. "पंखे सगळे ठेवून जाणार आहोत आम्ही," घरमालक म्हणतात.

हे उत्तर त्यांना महागात पडू शकतं.

खरं तर १८७२च्या भारतीय करार कायद्यात नुसतं गप्प बसणं ही फसवणूक मानलेली नाही. कलम १७खाली त्यासाठी घोड्याचं उदाहरण आहे. लिलावात विकलेला घोडा धड नाही हे मालकाला माहीत होतं, पण तो बोलला नाही. तरी फसवणूक नाही. मात्र, 'तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा धडधाकट आहे असं धरतो', असं गिऱ्हाइकाने म्हटलं आणि मालक तरीही गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्यासारखंच.

घराला यापेक्षा कडक नियम लागतो. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ सांगतं की, विकणाऱ्याला ठाऊक असलेला, घेणाऱ्याला ठाऊक नसलेला आणि साधारण काळजी घेऊनही सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगायलाच हवा. कोणी विचारो न विचारो. लपवलं तर ती लबाडीच. दोष भिंतीतला असेल तसाच कागदातलाही असेल: बहिणीचा हिस्सा बाकी आहे, घर तारण आहे, कोर्टात दावा चालू आहे.

ग्यानबाची मेख आहे ती 'साधारण काळजी'त. उघड्या छताचा तडा डोळ्यांना दिसतो. फॉल्स सीलिंगच्या वर गंजलेली सळई दिसत नाही. सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यातला बोजा किंवा नोंदलेला जुना दस्त सहज सापडला असता, असं विकणाऱ्याचा वकील म्हणणारच. म्हणून तर सर्च रिपोर्ट काढायचा आणि वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. त्याचा अहवाल सोसायटीकडे मागावा.

"रेरा आहे ना," असं पुष्कळांना वाटतं. पण रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायदा, बिल्डरला धरतो. ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर दुरुस्ती त्याच्या माथी. जुना फ्लॅट विकणाऱ्या शेजाऱ्याला तो कायदा लागत नाही.

शोधून सापडणार नाही अशा दोषाचा सगळ्यात गमतीदार खटला न्यूयॉर्क राज्यातला. नायॅक गावातल्या एका घरात भुतं असल्याचं मालकिणीनेच छापून आणलं होतं. बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला मात्र कोणी सांगितलं नाही. १९९१मध्ये अपील कोर्टाने 'कायद्यापुरतं हे घर झपाटलेलंच' असं म्हणत त्याला सौदा मोडायची मुभा दिली. घराची कितीही बारकाईने तपासणी केली तरी भूत काही सापडत नाही, हे न्यायमूर्तींनाही पटलं होतं!

आपल्याकडे असा व्यवहार रद्द करून घ्यायचा तर लबाडी कळल्यापासून ३ वर्षांत दावा लावावा लागतो. तेव्हा विकणाऱ्याला ठाऊक होतं हे दाखवायची वेळ येते आणि तोंडी प्रश्नोत्तरांना कोणी साक्षीदार नसतो. म्हणून ओल, गळती, थकबाकी, नोटिसा यांबद्दल सौद्याआधीच लेखी विचारावं, साध्या व्हॉट्सॲपवर का होईना.

कलम ५५ घेणाऱ्यालाही थोडं बांधून ठेवतं. विकणाऱ्याचा हिस्सा त्याच्या समजुतीपेक्षा मोठा आहे हे घेणाऱ्याला माहीत असेल, तर त्याने ते सांगायला हवं. शेजारून हमरस्ता जाणार असल्याची खबर लागली असेल, तर मात्र त्याने गप्प बसायला या कलमाची आडकाठी नाही.