पुढच्या टोल्याची वाट

भामरागड-एटापल्लीच्या जंगलात नवखा माणूस गावोगाव निघाला, की एका टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, पुढच्या टोल्याची वाट विचारतो, तिथे पोचला की त्याच्या पुढची. संगणकातली ‘लिंक्ड लिस्ट’ अशीच असते. प्रत्येक नोंदीपाशी शेजारच्या नोंदीचा पत्ता, आणि एकेक पत्ता विचारत सगळी साखळी फिरणारा कोड म्हणजे इटरेटर. ताडोबातला वनरक्षक ज्या अँड्रॉइड फोनवर एम-स्ट्राइप्स ॲपमध्ये वाघाच्या खुणा नोंदवतो, त्याच्या तळाशी लिनक्सचं कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा, असतं. त्यात अशा साखळ्या जागोजागी आहेत.

चालता चालता टोलाच वहीतून खोडला, तर पुढची वाट कुणाला विचारणार? म्हणून सी भाषेतल्या कर्नेलमध्ये एक वेगळी फेरी आहे: आधी पुढची वाट विचारून ठेवायची, मगच खोडायचं.

दुसरा चकवा फेरीच्या शेवटी बसतो. साखळी गोल असते. शेवटचा टोला आपल्याला निघालो त्या नाक्यावरच परत धाडतो. नाका म्हणजे टोला नव्हे, पण कोडचं बोट आता नाक्यावर असतं. पुढच्या ओळीने तोच टोला समजून काही लिहिलं, तर भलतीच स्मृती बिघडते. २०२२च्या फेब्रुवारीत याकोब कोशेल या संशोधकाने अशा जागा दुरुस्त करायला घेतल्या. त्या चर्चेतून लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९८९च्या सी मानकाला निरोप द्यायचं ठरवलं. मे २०२२मधल्या ५.१८ आवृत्तीपासून कर्नेल २०११च्या मानकावर आलं. आता ते बोट फेरीच्या आतच जन्माला घालता येतं, फेरी संपली की तेही संपतं.

डिसेंबर २०२२मध्ये, ६.१ आवृत्तीत, रस्ट भाषा कर्नेलमध्ये आली. खोडलेल्या जागेकडे बोट दाखवणारा कोड रस्टचा कंपायलर मुळात स्वीकारतच नाही. पण कर्नेलच्या साखळ्यांना हात घालताना काही ओळींवर ‘अनसेफ’ची खूण करावी लागते, आणि ती ओळ धोक्याची का नाही याची हमी वर लिहावी लागते. तपासणाऱ्याचे डोळे साहजिकच तिथे खिळतात.

डिसेंबर २०२५मध्ये जाहीर झालेली चूक मला म्हणूनच फार महत्त्वाची वाटते. कर्नेलमधल्या रस्ट कोडच्या नावावर लागलेली ती पहिली सीव्हीई, म्हणजे सुरक्षा-त्रुटीची जाहीर नोंद. चूक होती बाइंडरमध्ये, म्हणजे अँड्रॉइडमधल्या ॲप्सचे निरोप पोचवणाऱ्या यंत्रणेत. तिथल्या एका यादीबद्दल हमी होती: ही नोंद याच यादीत असेल, नाहीतर कुठल्याच यादीत नसेल. वाचायला अगदी पटणारी. पण दुसऱ्या एका फंक्शनमध्ये कुलूप लावून सगळी यादी खासगी वहीत उतरवली जात होती, मग कुलूप काढून निवांत फेरी चालू होत होती. तेवढ्यात दुसरा धागा, म्हणजे त्याच वेळी चालणारं दुसरं काम, रीतसर कुलूप लावून आपली नोंद ‘मूळ’ यादीतून काढू बघायचा. नोंद असायची खासगी वहीत. दोघेही एकाच वेळी शेजारच्यांचे पत्ते बदलत, साखळी तुटे आणि कर्नेल कोसळे.

हमी खोटी ठरवणाऱ्या त्या उताऱ्यावर ‘अनसेफ’ची खूण नव्हती. फक्त खुणेच्या ओळी तपासणारा तिथे फिरकलाच नसता. हमी वाचली, की त्या यादीला हात लावणारं प्रत्येक फंक्शन उघडून पाहावं लागतं, रस्टमध्येसुद्धा.

दुरुस्ती छोटी निघाली. खासगी वही रद्द झाली, आणि मूळ यादीतूनच एकेक नोंद उचलली जाऊ लागली.