गाळून, उकळूनही उरणारे

पाणी गाळून, उकळून पिण्याचा नियम जैन घरांत आजही पाळला जातो. रोगजंतूंपासून त्याने घराचे रक्षणही केले आहे. विहिरीच्या पाण्यातील नायट्रेट मात्र फडक्यात अडत नाही. उकळल्याने पाणी आटते आणि त्याचे प्रमाण उलट वाढते. बाळासाठी काळजीपोटी अधिक वेळ उकळलेले पाणी म्हणूनच अधिक घातक ठरू शकते.

नायट्रेट उकिरड्यांतून, मैलापाण्यातूनही येते. पण शेतीच्या भागात मोठा वाटा युरियाचा. पिकाने न घेतलेले नत्र पावसाबरोबर भूजलात उतरते. लिटरला 45 मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची मर्यादा. त्याहून बरेच अधिक झाल्यास वरच्या दुधावरील तान्ह्या बाळाचे रक्त प्राणवायू नीट वाहू शकत नाही, ओठ निळसर पडतात. अमेरिकेतील आयोवा राज्यात डॉ. हंटर कॉमली यांनी 1945 मध्ये हा संबंध दाखवला.

अनुदानामुळे युरिया इतर खतांहून पुष्कळ स्वस्त, म्हणून हात सैल सुटतो. समाजातील ज्यांची खतांची दुकाने आहेत, त्यांचा शब्द शेतकरी मानतो. गोणी देण्यापूर्वी माती परीक्षणाचा अहवाल विचारणे त्यांना सहज शक्य आहे. एखादी गोणी कमी खपेल, इतकेच. आणि घरच्या विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत तपासल्याविना बाळाचे दूध त्यात कालवू नये.